बेरीज एकाच बाजूची

खुनाच्या अपिलाचं पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या सगळ्या कागदांची बांधलेली प्रत, हातात आलं की मी निकालपत्र सगळ्यांत शेवटी वाचते. आधी फिर्याद, मग साक्षी, मग निशाण्या, म्हणजे पुराव्यात क्रमांक लागलेले कागद, मग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली कोर्टाच्या प्रश्नांना आरोपीने दिलेली उत्तरं. निकालपत्र आधी वाचलं की खालच्या कोर्टाने लावलेला क्रम डोक्यात बसतो आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच क्रमात दिसू लागतो. ही सवय आमच्या सरांची. सोलापूरच्या कोर्टात फौजदारी चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि ज्युनिअर म्हणून त्यांच्या टेबलाशी बसून मी ती उचलली.

असं वाचताना शिक्षेच्या निकालांमधली एक गोष्ट मला कायम खुपत आली आहे. निकालपत्राच्या एका भागात सरकार पक्षाचा पुरावा असतो. मयत आणि आरोपी शेवटचे एकत्र दिसले. आरोपीच्या निवेदनावरून कोयता निघाला. शर्टावर रक्त सापडलं. बांधावरून जुना वाद होता. यातली एकही गोष्ट एकटी शिक्षेला पुरणारी नाही हे कोर्टही मान्य करतं आणि मग लिहितं, की सर्व परिस्थितीचा एकत्रित विचार करता गुन्हा शाबीत होतो. दुसऱ्या भागात बचावाचे आक्षेप असतात. पंच फितूर झाला, पण तपासी अंमलदाराने पंचनामा सिद्ध केला आहे. मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे उशिरा गेला, पण सील शाबूत होतं. साक्षीदाराचा जबाब बऱ्याच दिवसांनी घेतला, पण तो घाबरलेला होता. प्रत्येक आक्षेपाला स्वतंत्र परिच्छेद आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘किरकोळ त्रुटी’. सर्व त्रुटींचा एकत्रित विचार करता काय होतं, हे वाक्य मात्र येत नाही.

पुराव्याची बेरीज होते, चुकांची होत नाही. एका बाजूला सगळं एकत्र मोजायचं आणि दुसऱ्या बाजूला एकेक सुटं करून खोडायचं. हे न्याय्य नाही असं मला मनापासून वाटतं.

बेरीज करणं मुळात चूक नाही. खून कुणी चार माणसं बोलावून करत नाही. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसेल तर लहान लहान गोष्टी जोडूनच सत्यापर्यंत जावं लागतं. १८६६ साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात न्यायमूर्ती पोलॉक यांनी सांगितलं, की परिस्थितीजन्य पुरावा साखळीपेक्षा दोरासारखा असतो. एक पदर वजन पेलणार नाही, तीन पदर एकत्र पिळले तर पेलतील. सोलापूरसारख्या सुताच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपलं सर्वोच्च न्यायालय मात्र बहुतेक वेळा साखळीच म्हणत आलं आहे, १९५२ च्या हनुमंत नरगुंदकर खटल्यापासून. आणि पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, १९८४ साली, न्यायालयाने पाच कसोट्या घालून दिल्या. त्या पंचशील म्हणूनच ओळखल्या जातात. त्या खटल्यात सेशन्स कोर्टाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं.

साखळी आणि दोर, दोन्ही खरे आहेत, कारण पुरावे दोन जातींचे असतात. एक गोष्ट खरी असेल तरच दुसरीला अर्थ, अशी रचना असेल तर ती साखळी. कोयता आरोपीनेच काढून दिला, तोच कोयता सीलबंद झाला, तोच प्रयोगशाळेत पोहोचला, त्यावरचं रक्त माणसाचं होतं, आणि ते मयताचंच होतं. या पाच कड्या. प्रत्येक कडी शंभरात नव्वद खात्रीची धरली, तर पाचही एकाच वेळी खऱ्या असण्याची खात्री नव्वद उरत नाही, एकोणसाठवर येते. कडी वाढली की खात्री घटते. दोराचं उलट. तीन साक्षीदारांनी एकमेकांशी न बोलता एकाच माणसाला ओळखलं आणि प्रत्येकाची चुकण्याची शक्यता शंभरात तीस धरली, तर तिघंही चुकण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षाही खाली जाते. पण ते तिघं आदल्या संध्याकाळी एकाच टपरीवर बसून एकाच माणसाकडून ते नाव ऐकून आले असतील, तर तीसचे तीसच राहतात. साक्षीदार तीन, पुरावा एक.

म्हणून ‘किती पुरावे आहेत’ यापेक्षा ‘हे पुरावे कुठून आले’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. आपल्या पुरावा कायद्याच्या कलम १३४ मध्ये एखादी बाब सिद्ध करायला अमुक इतके साक्षीदार लागतीलच असं नाही, हे स्पष्ट होतं. तीच तरतूद नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात आली आहे. साक्ष तोलायची, मोजायची नाही, हे १९५७ च्या वडिवेलू थेवर निकालापासून प्रत्येक विधी शाखेचा विद्यार्थी पाठ करतो. पण दहा जबाब एकाखाली एक लावलेले दिसले की मन मोजायला लागतंच.

आमच्याकडे पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. मोहोळ-बार्शीकडच्या मराठीची धाटणी आणखी वेगळी. विड्या वळणारी बाई आणि यंत्रमागावरचा कामगार एकाच सुरात बोलत नाहीत, साक्षीच्या पिंजऱ्यात तर नाहीच नाही. पोलीस जबाबात मात्र सगळे ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ असं म्हणून सुरू होतात आणि मोलमजुरी करून उदरनिर्वाह करतात. लिहिणारा एकच, त्यामुळे साचा एक, हे समजण्यासारखं आहे. पण घटनेचं वर्णनही शब्दाला शब्द तेच, स्वल्पविरामही त्याच जागी, आणि एकाच गावाच्या नावातली तीच चूक पाच जबाबांत, असं दिसलं की ते पाच जबाब उरत नाहीत. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका प्रकरणात अशा जशाच्या तशा उतरवलेल्या जबाबांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा फौजदारीतल्या कितीतरी वकिलांना हायसं वाटलं असेल. पोलिसांपुढचा जबाब हा पुरावा नसतो, तो साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता वापरता येतो, हे खरं. पण कोर्टात उभं राहण्याआधी साक्षीदाराला तोच जबाब वाचून दाखवला जातो, आणि पाच तोंडांतून तेच वाक्य बाहेर पडतं. निकालपत्रात मग येतं, ‘साक्षीदारांच्या साक्षी परस्परांना पूरक आहेत.’

जमावाच्या खटल्यांत तर मोजणी कोर्टानेच मान्य केलेली आहे. मसालती खटल्यात, १९६४ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मोठ्या जमावात कोण होतं हे ठरवताना दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतलं असेल तरच शिक्षा द्यावी, हा दंडक वापरायला हरकत नाही. सोलापूरच्या माणसाला हे वाचताना १९३० आठवल्याशिवाय राहत नाही. ८ मे १९३० ला इथे पोलिसांनी गोळीबार केला, लोक खवळले, चौक्या पेटल्या, कोर्टाची इमारतही पेटली आणि मंगळवार पेठेतल्या चौकीत दोन पोलीस मारले गेले. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. दरवर्षी सिद्धेश्वराच्या यात्रेची लगबग सुरू असतानाच चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. ही माणसं त्या खुनांची गुन्हेगार नव्हती, पुढारी होती म्हणून उचलली गेली, ही या गावाची पक्की धारणा आहे आणि मीही तिच्यातच वाढले. हजारोंच्या जमावातून चार गळे निवडायचे आणि तेही जमावाच्या शत्रूने तपास करून, यात साक्षीदारांची संख्या कितीही भरली तरी माझं समाधान होत नाही. नाव कुणी आधी उच्चारलं आणि मग ते किती तोंडांत गेलं, हे मोजणीत येत नाही.

सारडा निकालातली पहिलीच कसोटी अशी आहे, की ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली असली पाहिजे. ‘असू शकेल’ नव्हे, ‘असलीच पाहिजे’. म्हणजे आधी प्रत्येक आकडा तपासायचा, मग बेरीज. प्रत्यक्षात उलटं घडताना मी पाहिलं आहे. जप्तीचा पंचनामा डळमळीत आहे, मग तो का मानायचा? कारण शेवटचं एकत्र दिसणं सिद्ध झालं आहे. शेवटचं एकत्र दिसल्याचा साक्षीदार एकटाच आहे आणि उशिरा आला आहे, मग तो का मानायचा? कारण जप्ती झालेली आहे. दोन डळमळीत गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहतात आणि लांबून दोघीही भक्कम दिसतात. बारकाईने बघायचं तर दोराच्या प्रत्येक पदराला इतकी कडक कसोटी लावणं गरजेचं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने शेफर्ड खटल्यात, १९९० साली, हा फरक नीट मांडला आहे. ज्या गोष्टीवाचून निष्कर्षच निघत नाही ती निःसंशय सिद्ध हवी, बाकीच्या आधाराला चालतील. मला हे पटतं. पण मग निकालपत्रात लिहावं, की ही कडी आहे आणि हा पदर आहे. ते लिहिलेलं मला क्वचितच दिसतं.

आता चुकांकडे येते. चूक झाली की निकाल रद्द, असं आपला कायदा म्हणत नाही आणि ते योग्यच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६५ सांगत होतं, की प्रक्रियेतल्या अनियमिततेमुळे न्यायाची हानी झाली असेल तरच वरचं कोर्ट निकाल फिरवेल. १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५११ मध्ये आहे. एखादा पुरावा चुकीने दाखल झाला तरी तो वगळून उरलेला पुरेसा असेल तर निकाल टिकतो, हे जुन्या पुरावा कायद्याचं शेवटचं कलम, १६७. या तरतुदींमागे मोठी माणुसकी आहे. १९८३ च्या भरवाडा भोगीनभाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की साक्षीदार म्हणजे घटनेचा फोटो काढून ठेवणारं यंत्र नव्हे, त्याची वेळ चुकेल, क्रम चुकेल. १९९५ च्या कर्नेल सिंह निकालात तपास ढिसाळ होता, पीडिता मजुरी करणारी बाई होती, आणि तपासातल्या दोषापायी आरोपीला सोडणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं, अशा आशयाचं न्यायालयाने लिहिलं. मी ज्या बायकांच्या बाजूने उभी राहिले आहे त्यांच्यासाठी हा निकाल ढाल आहे. पोलिसाच्या आळसाचं फळ तिने भोगावं, असं कोण म्हणेल?

म्हणून चुका नुसत्या मोजून ‘अकरा झाल्या, सोडा आता’ असं मी म्हणत नाही. खरोखर निष्काळजीपणाने झालेली चूक कुठेही झुकते. कधी सरकार पक्षाचं नुकसान होतं, कधी बचावाचं. ढिसाळ अंमलदार जप्तीची वेळ लिहायला विसरेल, तसाच आरोपीविरुद्धचा एखादा चांगला साक्षीदारही नोंदवायचा राहील. पण एका तपासात सगळ्या चुका एकाच दिशेला झुकलेल्या असतील, बचावाला उपयोगी पडेल तेवढाच कागद गहाळ असेल, तेवढीच नोंद अपुरी असेल, आणि त्या सगळ्या एकाच हातून झालेल्या असतील, तर त्यांना वेगवेगळ्या परिच्छेदांत वेगवेगळं किरकोळ म्हणता येणार नाही. तेव्हा त्या चुका मिळून एक वेगळाच पुरावा तयार होतो, तपास कसा झाला याचा. कर्नेल सिंह निकालाची ढाल तिथे पुढे करणं हा त्या निकालाचा गैरवापर आहे.

सुट्या चुका कशा दिसतात आणि एकत्र कशा दिसतात, याचं इंग्लंडमधलं सॅली क्लार्क प्रकरण माझ्या मनातून जात नाही. तिची दोन तान्ही बाळं एकामागून एक गेली. ती स्वतः सॉलिसिटर. १९९९ मध्ये दोन्ही बाळांच्या खुनासाठी तिला जन्मठेप झाली. तज्ज्ञाने कोर्टाला सांगितलं होतं, की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. एका बाळासाठी ८,५४३ मध्ये एक हा आकडा धरून त्याने त्याला त्यानेच गुणलं होतं. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या दोन बाळांचे मृत्यू जणू एकमेकांशी संबंध नसलेले! २००० साली अपील कोर्टाने त्या आकड्यातला दोष पाहिला, पण बाकीचा पुरावा भक्कम आहे म्हणून शिक्षा कायम ठेवली. मग कळलं की दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतू सापडल्याचे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने उघडच केले नव्हते. २००३ मध्ये ती सुटली आणि २००७ मध्ये गेली. पहिल्या अपिलाच्या वेळी आकड्यातली चूक किरकोळ ठरली होती, कारण तिच्याशेजारी ठेवायची दुसरी चूक कपाटात बंद होती.

अमेरिकेत चुकांची बेरीज हा अपिलातला मान्य मुद्दा आहे. १९७३ च्या चेंबर्स खटल्यात खून आपणच केल्याचं दुसऱ्याच एका माणसाने तीन मित्रांना सांगितलं होतं. त्या मित्रांची साक्ष ऐकीव म्हणून नाकारली गेली, आणि त्या माणसाची उलटतपासणीही घेऊ दिली नाही, कारण त्याला साक्षीला बोलावलं होतं आरोपीनेच. यातला एकेक नियम एकटा पुरेसा अन्यायकारक होता का, यात सर्वोच्च न्यायालय शिरलंच नाही. दोन्ही मिळून खटला न्याय्य राहिला नाही, इतकं त्यांना पुरलं. १९९५ च्या काइल्स खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, की पोलिसांनी दडवलेल्या पुराव्याचा परिणाम एकेक करून नाही, एकत्रित पाहायचा.

आपल्याकडे अशी बेरीज किती उशिरा होते, हे अंकुश मारुती शिंदे प्रकरणाने दाखवलं. नाशिक परिसरातली २००३ ची खुनांची घटना. भटक्या जमातीतली सहा माणसं. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे फाशी कायम झाल्यानंतर ठरलं. आणि कागदांत पहिल्यापासून पडून होतं, की घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार दुसऱ्याच माणसांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आपलाच जुना निकाल मागे सारून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. तीन पायऱ्यांवरच्या न्यायालयांपुढे तेच कागद होते. नवीन काही सापडलं नव्हतं. होतं तेच एकत्र ठेवून पाहिलं गेलं.

सध्या माझ्याकडे असलेल्या एका अपिलातल्या आरोपीची आई अधूनमधून भेटायला येते. कुठल्या कोर्टाचा निकाल, कुठलं गाव, हे सांगणार नाही. मागच्या खेपेला ती म्हणाली, “ताई, लोक म्हणालालेत, पोलिसांचं येवढं सगळं खोटं कसं असंल? काय सांगू ओ मी त्यांना?” लोकांचा प्रश्न चुकीचा नाही. न्यायाधीशाच्याही मनात तोच असतो, आणि बेरजेची सगळी ताकद त्याच प्रश्नात आहे. मी म्हटलं, “मावशी, सगळं खोटं असायची गरज नाही. एक खोटं असलं आणि बाकीचं त्याच्यावरनं लिहिलेलं असलं, तरी येवढं दिसतं.” तिला ते कितपत पटलं कोण जाणे. लोकांना सांगायला तिला सोपं वाक्य हवं होतं, आणि सोपं वाक्य लोकांच्याच बाजूला आहे.

पूर्वी तिला मुंबईला जाणं जमलं नसतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, फोर्टात दिवसभर उभं राहायचं, पुकारा झाला नाही तर तसंच परत. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि आपला जिल्हा त्यात आला. मुलाचं अपील निघेल तेव्हा ती मागच्या बाकावर बसू शकेल. माझ्या दृष्टीने हा मोठा फरक आहे.

कायदा बदला, अशी माझी मागणी नाही. ‘न्यायाची हानी’ हे शब्द कलमात आधीपासून आहेत आणि एकत्रित परिणाम त्यात मावतो. निकालपत्रात एक परिच्छेद वाढवावा लागेल, एवढंच. तोवर ते काम वकिलांनी करावं. या अपिलासाठी मी एक तक्ता केला आहे. कोणती त्रुटी, कोणत्या तारखेची, कुणाच्या हातची, कोणत्या निशाणीला लागते, आणि कुणाच्या बाजूला झुकते. पहिले चार रकाने भरायला वेळ लागला. पाचव्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द आला, ‘सरकार’. युक्तिवादाला उभी राहीन तेव्हा मी त्या रकान्यापासूनच सुरुवात करणार आहे.